कवितेतील आशय, प्रतिमा आणि भाव कसे उलगडावेत

कवितेचे रसग्रहण लिहायला बसलेला वाचक पुष्कळदा शेवटापासून सुरुवात करतो. कवितेचा संदेश काय आणि रस कोणता हे तो आधी ठरवून टाकतो आणि मग त्याला आधार देणाऱ्या ओळी शोधत जातो. ‘या कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे’ यासारखी वाक्ये अशाच घाईतून येतात. ती शेकडो कवितांना लागू पडतात आणि त्यामुळे हातातल्या कवितेविषयी काहीच सांगत नाहीत. विश्लेषणाचा क्रम याच्या उलट असावा. आधी शब्द पाहावेत, मग शब्दांची एकमेकांशी असलेली नाती, त्यांतून उभे राहणारे चित्र आणि त्या चित्रातून जाणवणारा भाव. आशयाविषयीचे विधान सर्वांत शेवटी करावे. ‘हे कवितेत नेमके कुठे आहे?’ असे कोणी विचारले, तर कोणत्याही विधानासाठी एखाद्या शब्दावर, क्रियापदावर किंवा ओळीतल्या विरामावर बोट ठेवता आले पाहिजे. ते ठेवता येत नसेल, तर विधान कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे.

पहिले वाचन

कविता प्रथम मोठ्याने वाचावी. मनातल्या मनात वाचताना डोळा पुढे धावतो आणि परिचित शब्दांवरून घसरतो. उच्चारताना मात्र कुठे थांबावे लागते, कुठे श्वास पुरत नाही आणि कोणता वर्ण पुन्हा पुन्हा येतो, हे आपोआप कळते. त्यानंतर अन्वय लावावा, म्हणजे कवितेतील शब्द गद्याच्या क्रमाने मांडून कर्ता कोण, क्रियापद कोणते आणि विशेषण कोणाला लागते हे पाहावे. हे काम नीरस वाटते, पण कवितेचे चुकीचे अर्थ बहुधा इथेच जन्माला येतात. विशेषतः जुन्या मराठीत विभक्ती आणि क्रियापदांची रूपे वेगळी असल्याने अंदाजाने वाचणे धोक्याचे असते.

अन्वय लागला की कोण बोलत आहे, कोणाशी आणि कोणत्या क्षणी, हे विचारावे. कवितेतील ‘मी’ म्हणजे कवीच, असे धरून चालू नये. ‘घनु वाजे घुणघुणा’ या ज्ञानदेवांच्या विरहिणीत, म्हणजे विरहाने व्याकूळ स्त्रीच्या तोंडी घातलेल्या रचनेत, बोलणारी स्त्री आहे आणि तिच्या देहाला चांदणे व चंदनही सोसवत नाही. बोलणारी कोण हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या रचनेतील प्रतिमांचा एकही धागा हाती लागत नाही. शेवटी पेन्सिल घेऊन पुनरुक्त शब्द, सगळी क्रियापदे, सगळे रंग आणि आवाज, आणि वाचताना खटकलेला प्रत्येक शब्द यांखाली खुणा कराव्यात. खटकलेल्या शब्दाची खूण सर्वांत मोलाची असते.

प्रतिमा कशी वाचावी

प्रतिमा म्हणजे केवळ उपमा किंवा रूपक नव्हे. इंद्रियांना जाणवेल असे जे काही शब्दांनी उभे केले आहे, मग तो रंग असो, स्पर्श, गंध किंवा हालचाल, ते सगळे प्रतिमेत येते. प्रतिमेचे वर्णन करणे पुरेसे नसते. ती कवितेत कोणते काम करते, हे सांगणे म्हणजे विश्लेषण. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता यासाठी फार उपयोगी आहे, कारण वरवर पाहता तिच्यात निसर्गदृश्यापलीकडे काहीच नाही. दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन निळासावळा झरा वाहतो, पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचे चिमुकले गाव आहे आणि पुढे शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी आहे. त्यानंतरच्या चार ओळी अशा आहेत:

पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आधी क्रियापदे पाहू. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. स्थिर असलेल्या वाटेलाही ‘चालली’ हे क्रियापद दिले आहे, म्हणजे सारे दृश्य गतीने भरलेले आहे. शेवटच्या ओळीत मात्र ‘बसला’ हे क्रियापद येते आणि इतका वेळ चाललेली हालचाल तिथे थांबते. आता नजरेचा प्रवास पाहू. सुरुवातीला ऐल आणि पैल असे दोन्ही काठ, मग दूरची टेकडी, मग शेते, एकच वाट, एकच डोह आणि अखेरीस पाण्यात टेकलेले पाय. विस्तीर्ण दृश्यापासून एका बिंदूपर्यंत डोळा अरुंद होत जातो. रंगही याच वाटेने जातात. हिरव्याचे राज्य आहे, त्यातून एक पांढरी रेघ निघते आणि काळ्याला जाऊन मिळते. हा काळा रंगही अचानक आलेला नाही. दुसऱ्याच ओळीतील ‘निळासावळा’ या शब्दात त्याची छटा पेरलेली आहे.

याहून बारीक गोष्ट म्हणजे या कवितेत एकही माणूस नाही. गाव माणसांनी वसवलेले, शेते माणसांनी पिकवलेली आणि पायवाट तर माणसांच्या पावलांनीच पडलेली, तरी माणूस कुठेच दिसत नाही. पाय टाकून बसण्याची खास मानवी लकब मिळाली आहे ती झाडाला. ज्या पावलांनी वाट तयार झाली ती अदृश्य आहेत आणि ती वाट जिथे संपते, तिथे एका झाडाचे पाय पाण्यात सोडलेले आहेत. असे नाते एकदा दिसले की कविता निसर्गवर्णनापुरती राहत नाही.

खटकणारा शब्द अर्थातच ‘गोड’ हा आहे. काळिमा रंगाचा, गोडी चवीची; शिवाय काळिमा या शब्दाला अशुभाची, कलंकाची छटा आहे. पुष्कळ वाचक काळा डोह म्हणजे मृत्यू, असे समीकरण मांडून मोकळे होतात. ते अशक्य नाही, पण त्या अर्थाने ‘गोड’ या विशेषणाला उत्तर दिले पाहिजे. उत्तर देता आले, तर अर्थ अधिक खोल होतो, कारण इथला अंधार भीतीचा नसून विसाव्याचा आहे असे म्हणता येते. उत्तर देता आले नाही, तर अर्थ बदलावा. शब्द दुर्लक्षू नये. हाच नियम परंपरेतून येणाऱ्या संकेतांनाही लागू आहे. औदुंबराचे दत्तसंप्रदायातील स्थान मराठी वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे जलात पाय सोडून बसलेल्या झाडात त्याला ध्यानस्थ योगी दिसला तर नवल नाही. बैठकीची प्रतिमा त्याला आधारही देते. तरीही कविता तसे सांगत नाही, ती ते सुचवते, आणि लिहिताना हा फरक ‘असे सूचित होते’ यासारख्या शब्दांतून राखला पाहिजे.

कवीच्या चरित्राचा उपयोगही जपून करावा. बालकवींचा १९१८ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, रेल्वे अपघातात मृत्यू झाला. ही माहिती असलेल्या वाचकाला काळ्या डोहात त्यांचे भविष्य दिसू लागते. पण पुढे काय घडणार हे कवितेला माहीत नव्हते. चरित्राने कविता सिद्ध होत नाही. फार तर कवितेत आधीच सापडलेल्या गोष्टीवर थोडा प्रकाश पडतो.

विषयाकडून आशयाकडे

विषय एका शब्दात सांगता येतो: मृत्यू, प्रेम, पाऊस, स्थलांतर. आशय सांगण्यासाठी पूर्ण वाक्य लागते, कारण त्या विषयाविषयी कविता काय जाणते, हे त्यात यायला हवे. ‘औदुंबर’चा विषय निसर्ग आहे, एवढ्याने काहीच हाती लागत नाही. ‘माणसांच्या वस्तीतून निघालेली वाट शेवटी अशा एका स्तब्धतेपाशी पोहोचते, जी गडद असूनही आश्वासक आहे’ असे वाक्य केले, तर त्यातला प्रत्येक शब्द कवितेशी ताडून पाहता येतो. कवितेत कोठेही न आलेली शिकवण आशयाच्या वाक्यात घुसली असेल, उदाहरणार्थ ‘म्हणून माणसाने निसर्गाचे रक्षण करावे’, तर ती काढून टाकावी. असे वाक्य तयार झाल्यावर त्याला विरोध करणारी ओळ मुद्दाम शोधावी. चांगल्या कवितेत ती बहुधा सापडते आणि तिच्यामुळे वाक्य सुधारावे लागते. आशय नेमका होतो तो या दुरुस्तीतूनच.

भाव शोधण्याची रीत

भावाच्या बाबतीत सर्वांत मोठा मोह त्याला नाव देण्याचा असतो. दुःख, आनंद, विरह, करुण रस, असे म्हटले की काम झाले असे वाटते. आपल्या काव्यशास्त्राने मात्र याविषयी फार पूर्वी सावध केले आहे. भावाचे नाव उच्चारल्याने भाव जाणवत नाही, तो सूचित व्हावा लागतो, ही नवव्या शतकातील आनंदवर्धनांच्या ध्वनिविचाराच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे. त्याच्याही पूर्वी भरताच्या नाट्यशास्त्राने विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव अशी वाटणी करून दिली. भाव कशामुळे जागतो, तो शरीरावर आणि कृतीतून कसा दिसतो, आणि त्यात येऊन जाणारे क्षणिक तरंग कोणते, असे हे तीन प्रश्न आहेत. ८ स्थायी (मनात टिकून राहणाऱ्या) आणि ३३ व्यभिचारी भावांची यादी पाठ करण्यापेक्षा हे तीन प्रश्न प्रत्येक कवितेला विचारणे कितीतरी फलदायी ठरते.

तुकारामांचा एक प्रसिद्ध अभंग ‘कन्या सासुऱ्यासी जाये । मागे परतोनी पाहे’ असा सुरू होतो. इथे दुःखाचे नाव नाही. आहे ती एक कृती: पावले पुढे जातात आणि मान मागे वळते. भरताच्या भाषेत हा अनुभाव, आणि एका देहात एकाच वेळी असलेल्या या दोन दिशांमध्ये सगळी ओढ सामावलेली आहे. ‘तैसे जाले माझ्या जिवा’ म्हणताच ही ओढ केशवाकडे वळते. पुढे आई चुकलेले बाळ येते आणि तेही ‘हुरुहुरु पाहे’. अखेरीस येते ‘जीवनावेगळी मासोळी’, आणि तिच्या जोडीला क्रियापद आहे ‘तळमळी’. या तीन प्रतिमा एकाच भावाची तीन उदाहरणे आहेत असे लिहिणे म्हणजे अभंगाची चढण न पाहणे होय. मुलीला ज्या घराकडे वळून पाहायचे ते अजून दिसते तरी आहे. बाळाला पाहायला कोणी उरलेले नाही, फक्त पाहणे उरले आहे. मासोळीच्या बाबतीत पाहणेही संपते आणि केवळ देहाची तडफड राहते. पहिल्या दोन ठिकाणी ‘पाहे’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘तळमळी’ हा बदल तीव्रतेची मोजपट्टीच आहे. त्यात ‘जीवन’ या शब्दाचे पाणी आणि प्राण हे दोन्ही अर्थ जागे असल्याने, केशवाशिवाय जगणे कठीण आहे इथपासून ते शक्यच नाही इथपर्यंत आपण तीन पायऱ्यांत येऊन पोहोचतो.

म्हणून भावाचे विश्लेषण करताना सुरुवातीचा भाव, शेवटचा भाव आणि त्यांच्यातील वळण अशा तीन जागा शोधाव्यात. वळण ‘पण’, ‘तरी’, ‘आता’ अशा शब्दांवर, काळाच्या बदलावर, संबोधन बदलण्यावर किंवा ओळ अचानक आखूड होण्यावर असू शकते. कवितेतील बोलणाऱ्याचा भाव आणि वाचकाच्या मनात उठणारा भाव एकच असतील असेही नाही. बोलणारा शांत असूनही वाचक हलून जातो, अशा कवितेत या दोहोंमधले अंतर हाच लिहिण्याचा मुख्य मुद्दा ठरतो.

लय आणि रचना

वृत्ताचे नाव सांगितले म्हणजे लयीचे विश्लेषण झाले, असे मानू नये. लय अर्थाला कुठे मदत करते, ते दाखवावे. ‘औदुंबर’च्या शेवटच्या ओळीतील मात्रा मोजल्या तर ‘पाय टाकुनी’ आठ, ‘जळांत बसला’ आठ आणि ‘असला औदुंबर’ दहा, असे तुकडे पडतात. ‘बसला असला’ असे सलग वाचण्याचा मोह होतो, पण लय ‘बसला’वर थांबवते आणि ‘असला’ हा शब्द औदुंबराला देते. त्यामुळे ‘असा हा औदुंबर’ या अर्थाला बळ मिळते आणि थांबण्याची क्रिया वाचकाच्या श्वासातही उतरते. मुक्तछंदात मोजायला मात्रा नसतात. तिथे ओळ कोठे तोडली आहे आणि तिथेच का, हा प्रश्न तेच काम करतो.

लिहिताना

लेखनात प्रथम कवितेतील बोलणारा आणि प्रसंग एकदोन वाक्यांत सांगून थेट सर्वांत बोलक्या जागेकडे जावे. सगळ्या प्रतिमा घेण्याची गरज नसते. दोन प्रतिमा तळापर्यंत वाचल्या तर दहांच्या उल्लेखापेक्षा अधिक हाती लागते. उद्धृत केलेल्या प्रत्येक ओळीनंतर तिच्यातल्या किमान एका शब्दाविषयी काही सांगितलेले असावे. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘शब्दांची उधळण’ असे शब्द आले की ते खोडून, असे का वाटले त्याचे कारण त्या जागी लिहावे. दोन अर्थ सारख्याच बळाने उभे राहत असतील, तर एकाला बळेच हरवू नये. कोणता शब्द कोणत्या अर्थाकडे झुकतो ते नोंदवून दोन्ही ठेवावेत, आणि आपला कौल द्यायचा असल्यास तो कोणत्या ओळीवर आधारला आहे, ते त्याच वाक्यात सांगावे.