४६ तासांची नोंद

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना सलग दोन दिवस केमोथेरपी देण्याच्या एका वैद्यकीय चाचणीत मी जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयात समन्वयक म्हणून काम केले. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना नियमावली आणि प्रशिक्षण दोन्ही मिळते. पण अशा चाचणीत औषधाच्या मिलिग्रॅमइतकाच त्याचा वेळही मोजायचा असतो, हे मला स्वतःच्या चुकीनंतर उमगले.

या केमोथेरपीतले, आमच्याकडे ज्याला सगळे ‘फाइव्ह एफयू’ म्हणतात, ते फ्लुओरोयुरासिल हे औषध १९५७ सालापासूनचे आहे. शिरेतून एकदम दिले, तर रक्तातील त्याचे प्रमाण १० ते २० मिनिटांत निम्म्यावर येते. आणि पेशी आपल्या डीएनएची नवी प्रत तयार करत असते, तेव्हाच ते तिला मुख्यतः गाठते. गाठीतील सगळ्या पेशी एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून औषध सावकाश आणि सलग देण्याचा विचार पुढे आला. १९९८ मध्ये सहा चाचण्यांतील १,२१९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा गाठ लक्षणीय आकसण्याचे प्रमाण औषध एकदम दिल्यावरच्या १४ टक्क्यांऐवजी सलग दिल्यावर २२ टक्के दिसले. आयुष्यातील वाढ मात्र थोडकी होती, मध्यक ११.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेला. रक्तपेशी घटण्याचा गंभीर त्रास ३१ वरून ४ टक्क्यांवर आला, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास १३ वरून ३४ टक्क्यांवर गेला.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ मला कापूस वेचणाऱ्या एका ताईंमुळे कळला. ‘काही त्रास?’ असे विचारल्यावर त्या दर वेळी नाही म्हणत, कारण बोंडांची टोके लागून हात फुटणे त्यांना नेहमीचेच होते. ‘कळण्याची भाकरी थापता का?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की तळहाताची आग होते म्हणून पंधरा दिवसांपासून सून थापते. दुखण्यामुळे घरकाम सुटले तर ती त्रासाच्या तीव्रतेची दुसरी श्रेणी, आणि अंघोळ-जेवणही स्वतःच्या हाताने जमेनासे झाले तर तिसरी. त्यामुळे प्रश्न रुग्णाच्या दिवसातून काढावा, छापील तक्त्यातून नव्हे.

संमतीपत्राला घाई करू नये. कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, डॉक्टरांच्या मर्जीने नाही. आणि चाचणी मध्येच सोडली तरी उपचार थांबत नाहीत, या दोन गोष्टी रुग्णाने आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. घरात अहिराणी बोलणाऱ्या माणसाला कागदावरची मराठी परकी वाटू शकते.

आता माझी चूक. छातीतील पोर्टला, म्हणजे शिरेत औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला, जोडून रुग्णासोबत घरी पाठवायचा, ४६ तासांत औषध सोडणारा पंप म्हणजे कडक आवरणातील औषधाने भरलेला फुगा असतो. त्याला वीज लागत नाही, आणि वेग राखणारा बारीक भाग कातडीला चिकटवलेला असतो. उष्णतेने द्रव पातळ होऊन तो जास्त वेगाने वाहतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, रावेर तालुक्यातील एक आबा पत्र्याच्या घरात राहिले आणि त्यांचा पंप ४६ तासांच्या बराच आधी रिकामा झाला. मी मात्र सुरुवातीच्या वेळेत ४६ तास मिळवून संपण्याची वेळ लिहून टाकली होती. सुई काढताना परिचारिकेने विचारले, ‘आबा, फुगा कधी बसला?’ आबा म्हणाले, ‘काल रात्रीच.’ डॉक्टरांना लगेच कळवले, रक्ततपासण्या झाल्या आणि सुदैवाने आबांना त्रास झाला नाही. चुकीच्या वेळेवर एकच रेघ मारून खरी वेळ, तारीख आणि सही केली, आणि ही घटना चाचणीच्या नियमांपासूनचे विचलन म्हणून नैतिकता समितीला कळवली. खाडाखोड करून जुना आकडा झाकणे हा या कामातला अक्षम्य अपराध आहे.

त्यानंतर आम्ही पंप देताना आणि परत घेताना वजन करू लागलो. पंप उन्हात किंवा चुलीजवळ नेऊ नये, कातडीवरचा तुकडा सुटू देऊ नये, हे घरच्या माणसाला करून दाखवू लागलो. रोज सायंकाळी सात वाजता मी फोन करत असे, आणि आबांचा शाळकरी नातू आवरणावरच्या खुणा पाहून फुगा कुठवर आला ते सांगत असे.