भात वेळा, पण पेज ओतून द्या

आर्सेनिक हे जमिनीतलं विष; बोअरच्या पाण्यातून आणि भातातून पोटात जातं. त्यावर सल्ले देणाऱ्यांचा तोटा नाही. ‘पाणी उकळून घ्या.’ उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक कुठे मरणार? पाणी आटतं आणि आर्सेनिक तेवढंच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी आणखी वाईट. ‘ब्राउन राइस खा.’ आर्सेनिक जास्त साठतं ते कोंड्यातच, म्हणजे हाही सल्ला उलटाच.

मी मूळची मालवणची. नवऱ्याच्या नोकरीपायी नऊ वर्षं पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात काढली. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी बंगालमधल्या रुग्णांच्या कातडीवरचे डाग कूपनलिकेच्या, म्हणजे बोअरच्या, पाण्यातल्या आर्सेनिकशी जोडले. आमच्या दारी भाजी आणणाऱ्या दादांनी सुटे पैसे द्यायला हात पुढे केला, की तळव्यावर मोहरीसारखे टणक दाणे दिसायचे. वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात जातं, मग आधी कातडी बोलते. पुढे कातडी, फुप्फुस, मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो.

यात भाताचाच एवढा वाटा का? पीक पाण्यात उभं असतं. चिखलात हवा खेळत नाही, मातीतलं आर्सेनिक सुटतं आणि मुळं ज्या वाटेने सिलिकॉन घेतात त्याच वाटेने तेही ओढून घेतात. उन्हाळी ‘बोरो’ भात तर पोसतोच कूपनलिकेच्या पाण्यावर.

आता कृती. सगळ्यात आधी पाणी. बोअरचं असेल तर तपासून घ्या. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्यात भात शिजवूच नका, कारण तांदूळ पाण्यासोबत आर्सेनिकही पिऊन टाकतो. कँडलच्या फिल्टरवर विसंबू नका. आम्ही नळाला येणारं, शुद्ध केलेलं नदीचं पाणी स्वयंपाकाला वेगळं भरून ठेवायचो.

तांदूळ धुवण नितळ येईपर्यंत धुवा. एका वाटीला चार वाट्या पाण्याचं आधण ठेवा. उकळी आली की तांदूळ वैरा.

इथून पुढे माझे सहा महिने वाया गेले. भात वेळणं, म्हणजे जादा पाणी गाळून काढणं, मला काय नवीन? पण आम्ही वेळतो तो शिजलेला भात. इथे वेळायचा तो अर्धाकच्चा: पुन्हा उकळी फुटल्यापासून घड्याळ लावून पाच मिनिटं. मी सवयीने शीत मऊ व्हायची वाट बघायचे, मग वेळून वर पुन्हा पाणी घालायचे, आणि ताटात रोज गिचका. खूण लक्षात ठेवा: शीत बोटांत चेपलं की आत पांढरा कण दिसलाच पाहिजे. नसेल तर उशीर झालाय; मग तो भात तसाच भरपूर पाण्यात शिजवून शेवटी वेळा. बंगाली बायका असाच करतात. फक्त पाणी सहापट लागतं.

दुसरी चूक म्हणजे चाळणीत भात ठेवून ताज्या पाण्याची शोधाशोध. तेवढ्यात त्याचा गोळा होतो. म्हणून शेजारच्या शेगडीवर दोन वाट्या पाणी आधीच गरम हवं. तांदूळ नवा असेल तर पावणेदोन. वेळला की लगेच त्यात घाला, झाकण ठेवा, आच मंद करा. पाणी जिरलं की भात झाला. ढवळू नका.

शेफील्ड विद्यापीठाने २०२० साली हीच पद्धत तपासली: पांढऱ्या तांदळातलं ७४ टक्के आर्सेनिक गेलं, ब्राउनमधलं निम्म्याहून जास्त. कुकरमध्ये घातलेलं पाणी भातातच जिरतं, त्यामुळे त्यातून काही बाहेर पडत नाही. आर्सेनिकच्या भागात राहत असाल तर कुकर डाळीसाठी ठेवा.

राहिली पेज. बंगालीत तिला ‘फॅन’ म्हणतात. १९४३ च्या दुष्काळात माणसं दारोदार तीच मागत फिरली. ती ओतताना तिथल्या म्हाताऱ्यांचाही जीव खालीवर होतो. पण धुतलेलं विष तिच्यातच उतरलेलं असतं. गाईच्या बादलीतही नको, सरळ मोरीत. आई राहायला आली तेव्हा पहिल्याच सकाळी मीठ घेऊन वाटी पुढे करून बसली. तिला सगळं समजावलं, तिने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून गावच्या उकड्या तांदळाची पुरचुंडी काढली. म्हणाली, ‘ह्येची तरी करशील मां?’ नळाच्या पाण्यात केली.