सिल्व्हर शॅडो बघायला निघालात? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आणि जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या मंडळींना एक जाहिरात हमखास मोहात पाडते: रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो, १९७४ची, कमी मैल चाललेली, कायम गॅरेजमध्ये, उत्तम निगा. किंमत पुष्कळदा एखाद्या नव्या साध्या गाडीपेक्षाही कमी असते. मग वाटतं, आजच टोकन द्यावं.

पहिली चूक ही घाईच. १९६५ ते १९७६ या काळात इंग्लंडमधल्या क्रू गावच्या कारखान्यातून पहिल्या आवृत्तीच्याच सोळा हजारांहून अधिक शॅडो बाहेर पडल्या. ही गाडी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती खरोखर राखलेली शॅडो, आणि चकाकी बघून ती ओळखता येत नाही.

चुंबक कुठे लावायचं?

रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते बघायला लोक चुंबक घेऊन जातात. कल्पना चांगली आहे, पण ते दाराला, बॉनेटला किंवा डिकीच्या झाकणाला लावून घाबरू नका. हे भाग ॲल्युमिनियमचे आहेत, तिथे चुंबक चिकटणारच नाही. ते लावायचं दारांखालच्या सिलला आणि मागच्या चाकांच्या कमानींना. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून सिल कुजले असतील तर तो फक्त रंगकामाचा प्रश्न राहत नाही. छतावर रेक्झिनसारखं आवरण असेल तर कडेने बोट फिरवून बघा. फुगवटा लागला, तर आत गंज आहे.

ब्रेक न तपासता गाडी घेणं

सर्वांत महागात पडते ती ही चूक, म्हणून इथे जरा थांबतो. शॅडोच्या ब्रेकना दाब पुरवतात इंजिनमधल्या सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधोमध बसवलेले दोन पंप. हा दाब नायट्रोजन भरलेल्या दोन गोलांत साठतो. डॅशबोर्डवर ब्रेकच्या दोन्ही सर्किटांचे वेगवेगळे इशारा-दिवे असतात. मागची बाजू समतल ठेवणारी यंत्रणाही याच दाबावर चालते. तिचं तंत्र सिट्रोएनच्या परवान्याने घेतलेलं.

तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन चार-पाच मिनिटं चालवा, बंद करा, मग इग्निशन चालू ठेवून ब्रेक सावकाश दाबत मोजत राहा. वीस-पंचवीस वेळा दाबूनही दिवा लागला नाही, तर गोलांत दम आहे. दहाच्या आत लागला, तर नायट्रोजन निघून गेला आहे असं समजा. एकच दिवा लवकर लागला तर बिघाड त्या एका सर्किटात शोधायचा. विक्रेता म्हणेल, "जुन्या गाडीत असं चालतंच." नाही चालत! दोन टनांहून जड गाडी थांबवायची आहे.

त्यानंतर फेरफटका मारून या आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याचा, पिस्टन गंजून अडकला आहे किंवा रबरी नळी आतून सुजली आहे.

चुकीचं तेल

शॅडोत आरआर३६३ हे ब्रेक ऑइल लागतं. १९८०मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये मात्र हिरवं खनिज तेल असतं. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, म्हणून कुणी भलत्या टाकीत भलतं तेल ओतलं तर सगळी रबरी सील फुगतात आणि यंत्रणा पूर्ण उघडावी लागते. तो खर्च गाडीच्या किमतीला भिडू शकतो. शेवटचं तेल कधी बदललं, कोणतं घातलं, याचं बिल मागाच.

आणि इथेच ‘कमी मैल’ हा गुण उलटा पडतो. आरआर३६३ हवेतला ओलावा शोषतं. गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवली की आतल्या झडपा गंजत जातात, नळ्या वाळतात. दर पंधरा दिवसांनी चाललेली लाखभर मैलांची शॅडो मला गॅरेजमधल्या तीस हजारवालीपेक्षा कधीही जवळची वाटते.

इंजिन थंड असतानाच बघायला जा, आणि ते आधी गरम करून ठेवू नका, असं फोनवरच सांगा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आतले लायनर (सिलिंडरची अस्तरं) बिडाचे. कूलंट वेळच्या वेळी बदललं नसेल तर आत गंज साचतो आणि चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागतो.

कागदपत्रांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना एमओटीतून, म्हणजे दरवर्षीच्या पासिंगमधून, सूट आहे. सूट मिळाली म्हणजे गाडी सुस्थितीत आहे असं नाही. कदाचित तिच्याखाली कित्येक वर्षांत कुणी डोकावलेलंच नसेल. नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर जुन्या एमओटींचे शेरे फुकट वाचता येतात, आणि ‘सिलला गंज’ हा शेरा तिथे पुन्हा पुन्हा दिसला तर दुरुस्तीचं बिल दाखवायला सांगा. लॉगबुकवरचं, म्हणजे नोंदणीपत्रावरचं, नावही नोंदणीकृत वापरकर्त्याचं असतं. तो मालकीचा पुरावा नाही, म्हणून खरेदीची पावती वेगळी घ्या.

एवढं सगळं पार पडून गाडी दारात आलीच, तर पेट्रोल पंपावर ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाळून ई५ (पाच टक्क्यांपर्यंतचं) भरा, आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्या पहिल्याच महिन्यात बदलून घ्या.