डीव्हीडी लावली की कॉम्प्युटर बंद पडतो? आधी दोष कुणाचा ते ठरवा

लग्नाची, मुंजीची किंवा 2015 च्या सिंहस्थाची घरच्यांनी काढलेली डीव्हीडी लावली, थोडा वेळ चालली आणि कॉम्प्युटर लटकला, की आपल्या नाशकात ठरलेला सल्ला मिळतो: "विंडोज उडवा, नवीन टाका." कृपा करून हे करू नका. डिस्कवरचा ओरखडा, पंख्यात बसलेली धूळ, थकलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), यातलं काहीही फॉरमॅट मारून बदलत नाही. कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाकायचा सल्लाही तितकाच निरुपयोगी. व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाका, त्याला लागतं ते सगळं त्याच्यातच असतं. विंडोज 8 पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमधून काढून टाकली आहे, त्यामुळे वेगळा प्लेअर तसाही लागतोच.

1. बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?
चित्र गोठलं, ड्राइव्ह थांबून थांबून घरघर करतोय, पण माउस हलतोय: डिस्क वाचली जात नाहीये. निळा पडदा आला, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत आला: संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. काही न सांगता मशीन खटकन बंद: उष्णता किंवा वीजपुरवठा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिम विभागात त्या वेळच्या नोंदी बघा. सीडीरॉमच्या नावाने 7 नंबर असेल तर डिस्कचा तुकडा खराब वाचला गेलाय. 4101 म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला. कर्नल-पॉवर 41 मात्र फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का, ते सांगत नाही. तेवढ्यावरून नवा एसएमपीएस आणू नका.

2. डिस्क पुसा.
मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. टूथपेस्ट अजिबात नाही.

3. डिस्क हार्ड डिस्कवर कॉपी करा.
सगळा निकाल या पायरीवर लागतो आणि लोक नेमकी हीच गाळतात. मलाही हिचा अर्थ नीट लावायला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर सांगते.

चाचणीसाठी घरगुती डिस्कच घ्या. विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर बहुधा कुलूप असतं, तिच्या फाइली नुसत्या ओढून आणल्या तर चित्र फुटतं आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. डिस्कवरचा 'व्हिडिओ टीएस' फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर टाका. आत व्हीओबी फाइली दिसतील, प्रत्येक जास्तीत जास्त 1 जीबीची. कॉपी अडली तर कुठल्या फाइलवर अडली ते लिहून ठेवा, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा करून बघा. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर डिस्क खराब. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, ड्राइव्ह, केबल किंवा वीज बघा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. सिनेमा बघताना डिस्क सावकाश वाचली तरी भागतं, सेकंदाला साधारण 1.4 एमबी पुरे होतात. कॉपी करताना ड्राइव्ह पूर्ण वेगाने फिरतो. फोटोग्राफरने नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर चिकटवलेलं असेल, तर त्या वेगात डिस्क डगमगते आणि चांगली डिस्कसुद्धा कॉपीत नापास होते. त्यामुळे एकाच कॉपीवर निकाल देऊ नका. स्टिकर ओढून काढायलाही जाऊ नका, त्या नादात डिस्क खराब होऊ शकते.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. डिस्क दिव्याखाली तिरकी धरा: लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते. वरातीपर्यंत सगळं सुरळीत आणि पाठवणीला हमखास लटकतं, असं असेल तर त्या रेघेच्या अलीकडचा पट्टा नीट तपासा. बोटांचे ठसे बहुतेक तिथेच असतात.

कॉपी पूर्ण झाली की डिस्क बाहेर काढा आणि हार्ड डिस्कवरची कॉपी त्याच प्लेअरमध्ये, पूर्ण पडद्यावर, पूर्ण लांबीची चालवा. दोन मिनिटं बघून "चालतंय की" म्हणू नका. मशीन आता बंद पडलं नाही, तर दोष डिस्क-ड्राइव्हच्या बाजूचा. तरीही पडलं, तर डिस्क निर्दोष आहे, तिला सोडा.

4. दोष डिस्क-ड्राइव्हचा असेल तर
ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर हब काढा आणि डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. यूएसबी 2 चं पोर्ट नियमाने 500 मिलीअँपिअर देतं आणि फिरायला लागताना ड्राइव्ह त्याहून जास्त ओढू शकतो. जुन्या एक्सपीच्या मशीनवर, पट्टीच्या आयडीई केबलचा ड्राइव्ह असेल, तर सारख्या चुका झाल्यावर विंडोज त्याला पीआयओ या संथ पद्धतीवर टाकतं. डिव्हाइस मॅनेजरमधून ते आयडीई चॅनल काढून रीस्टार्ट करा.

एम. जी. रोडवर नवा ड्राइव्ह घ्यायला जाण्याआधी शेजाऱ्यांच्या मशीनवर डिस्क लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारा तुकडा दुसरा वाचतो, हे नेहमीचं आहे. डिस्क एकुलती एक असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधला डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं, मग खराब तुकड्यांच्या मागे लागतं, आणि कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतं. ती नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं काम पुढे चालू करता येतं. आईवडिलांच्या लग्नाची एकच प्रत असताना ती लटकणाऱ्या प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा घालणं मला बघवत नाही.

5. दोष मशीनचा असेल तर
आधी व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट-कोडेक्समध्ये जाऊन हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं) बंद करा. निळा पडदा थांबला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून नको.

नंतर झाकण उघडा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडच्या घरांत हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो. पंखा बोटाने धरून ठेवा आणि ब्रश-ब्लोअरने साफ करा. डीव्हीडी चालवणं प्रोसेसरला फार हलकं काम आहे. तेवढ्यावर तापमान 90 अंशांच्या पुढे जात असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बहुधा वाळली आहे, बदला. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिकने रॅम तपासा.

एवढ्यावरही मशीन खटकन बंद होत असेल, तरच एसएमपीएस. तोही आधी कुणाचा तरी चालू एसएमपीएस लावून बघा, मगच विकत घ्या.