चिमणी स्टार्टर : कोळसा पेटवताना या चुका टाळा

कागद भुरुभुरु जळून गेला, धूर भरपूर झाला आणि दहा मिनिटांनी आत डोकावलं तर कोळसे काळेच. नवीन चिमणी स्टार्टर आणलेल्या ओळखीच्या लोकांकडून मी ही तक्रार बऱ्याचदा ऐकली आहे. बहुतेकांना वाटतं की कोळसा वाईट निघाला.

चिमणी म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं पत्र्याचं नळकांडं. आत थोड्या उंचीवर जाळी असते. वर कोळसा, खाली कागद. तळचा कोळसा तापला की गरम हवा वर निघून जाते, तिच्या जागी खालच्या भोकांतून ताजी हवा ओढली जाते आणि तीच निखारे फुलवते. शेगडीपाशी बसून आपण फुंकणीने जे करतो, ते इथे आपोआप होतं. म्हणून कोळसा पेटला नाही की आधी एवढंच तपासायचं : हवा कुठे अडली?

पहिला संशय कागदावर घ्या. लवकर पेटावं म्हणून लोक अख्खं वर्तमानपत्र चुरगाळून कोंबतात. घट्ट बोळा नुसता धुमसतो आणि त्याची राख जाळीला चिकटते. दोन पानं पुरतात. त्यांची सैल गुंडाळी करून गोल चुंबळीसारखी ठेवा, मधे भोक राहू द्या. कागदावर चमचाभर खाण्याचं तेल शिंपडलं तर तो वातीसारखा सावकाश जळतो आणि कोळशाला तापायला वेळ मिळतो. मासिकाचा गुळगुळीत रंगीत कागद वापरू नका.

दुसरा अडथळा आपल्याकडच्या लोणारी कोळशात हमखास सापडतो, तो म्हणजे भुकटी. पोत्याच्या तळाला चुरा साचलेला असतो आणि पोतं सरळ चिमणीत उपडं केलं की तो जाळीची भोकं बुजवतो. कोळसा हाताने वेचून भरा किंवा चाळून घ्या. मोठ्या लिंबापासून लहान बटाट्याएवढे तुकडे उत्तम. त्याहून मोठे असतील तर फोडा. तुकड्यांमधल्या फटी हाच हवेचा रस्ता आहे, त्यामुळे दाबून भरायचं नाही. मूठभर कोळसा टाकूनही भागत नाही, कारण थर फार पातळ असला की ओढ तयार होत नाही. निदान अर्धी चिमणी भरा.

पावसाळ्यानंतर वेगळीच अडचण येते. कोळसा हवेतला ओलावा शोषतो. गच्चीवर ताडपत्रीखाली चार महिने पडलेलं पोतं वरून कोरडं दिसतं, पण पेटवलं की तडतड, ठिणग्या आणि न संपणारा पांढरा धूर. सुरुवातीचा दाट धूर सगळ्याच कोळशाला येतो. तो काही मिनिटांत विरळ व्हायला हवा. होत नसेल तर कोळसा ओला आहे. घमेल्यात पसरून दिवसभर कडक ऊन द्या आणि पुढच्या वेळेसाठी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मग काहीजण रॉकेल ओततात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चिमणी असते तीच मुळी रॉकेल टाळण्यासाठी. भरताच्या वांग्याला आणि बांगड्याला तो वास धरतो. पेट्रोलची वाफ तर क्षणात भडकते. अर्धवट तापलेल्या कोळशावर कोणतंही ज्वालाग्राही द्रव टाकणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण. त्याऐवजी खालच्या भोकांतून बघा. लाली दिसत असेल तर थांबा. नसेल तर नवा कागद सारून पुन्हा काडी लावा.

चिमणी ठेवायची कुठे, यावर कोणी फारसं बोलत नाही. मी एकदा थेट गच्चीच्या फरशीवर ठेवली आणि फरशी तडकली. काँक्रीटमध्येही ओलावा असतो. खालून जोराची धग लागली की त्याची वाफ होते आणि कपचे उडू शकतात. बार्बेक्यूच्या तळच्या जाळीवर ठेवणं सर्वांत चांगलं, नाहीतर मधे फट सोडून मांडलेल्या दोन कोरड्या विटांवर.

जुन्या डब्याला भोकं पाडून घरी चिमणी करणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका. तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

पेटलेले कोळसे चिमणीतून शेगडीत ओतायची वेळ घड्याळापेक्षा डोळ्यांनी ठरवा. लोणारी कोळशाला साधारण 10 ते 15 मिनिटं लागतात, ब्रिकेट्सना, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्यांना, 20 ते 25. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की ओता. त्याआधी ओतलेत तर वांगं धुरकट होतं, बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. फार थांबलात तर तळचे निखारे राख होऊन जातात. ओतताना चामड्याचे हातमोजे घाला, वारा पाठीमागे घ्या आणि अंगावर सुती कपडे असू द्या. सिंथेटिक ओढणी किंवा पदर निखाऱ्याजवळ नको. रिकामी चिमणीही बराच वेळ पोळते, म्हणून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा विटेवर ठेवा.

सगळ्यात जीवघेणी चूक पाऊस आल्यावर होते. शेगडी उचलून बंद गॅलरीत किंवा खोलीत आणली जाते. थंडीत ऊब मिळावी म्हणूनही लोक निखारे आत घेतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसत नसतानाही तो निघतच असतो. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. एक खिडकी उघडी ठेवून हा धोका टळत नाही. पाऊस आला तर स्वयंपाक आत गॅसवर न्या, निखारे बाहेरच राहू द्या.

राखेबद्दलही तीच काळजी. वरून थंड वाटणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही विस्तव जिवंत असू शकतो. ती प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकण्याआधी लोखंडी घमेल्यात काढा, पाणी घालून काठीने ढवळा आणि हात वर धरून कुठे ऊब लागते का ते बघा.