डुप्लिकेट किल्ली करून घेताय? या चुका टाळा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या स्टँडवर होतो. "भावजी, किल्ली आत जातीय, पण फिरंना झालीय." बाहेर पाऊस, हातात भाजीची पिशवी, आणि बेळगावात शहापूरच्या आमच्या घराचं दार बंद. किल्ली आठवड्यापूर्वीच नवी करून आणलेली होती. दोष किल्ली करणाऱ्याच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. खरी चूक आमची होती: आम्ही त्याला नमुना म्हणून दिलेली किल्ली स्वतःच डुप्लिकेट होती, आणि तीही बहुधा आणखी एका डुप्लिकेटवरून केलेली.

मशीनवर दोन पकडी असतात. एकीत तुमची किल्ली, दुसरीत कोरी. जुन्या किल्लीच्या खाचांवरून एक बोथट गाईड सरकतो आणि त्याच्याबरोबर फिरणारा कटर कोऱ्या किल्लीवर तशाच खाचा पाडतो. म्हणजे मशीनला तुमचं कुलूप माहीत नसतं. समोर आहे तेवढंच ते उतरवतं, झिजेसकट. लॅचच्या कुलपात आत स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना असतात आणि प्रत्येक पिन नेमक्या उंचीवर आली तरच आतला गोल भाग फिरतो. खाचांच्या खोलीतली एक पायरी साधारण अर्ध्या मिलिमीटरची. दर नकलेत थोडं थोडं चुकत गेलं, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला ही पायरी कुठल्या कुठे जाते. म्हणून घरात नवं कुलूप आलं की त्याच्यासोबतची एक किल्ली न वापरता बाजूला ठेवा, पुढच्या सगळ्या नकला तिच्यावरूनच काढा.

किल्ली चालत नाही म्हणजे नेमकं काय होतंय, ते आधी बघा. आतच जात नसेल तर कोरी किल्ली चुकीची निवडली आहे. तिच्या अंगावरच्या लांब खोबणी कुलपाच्या तोंडाशी जुळायला लागतात. दिसायला सारखी असून चालत नाही. कधी मात्र कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कुसळंच आड येतात. ब्रशने ती काढली की काम झालं. किल्ली पूर्ण आत गेल्यावर फिरत नाही, पण केसभर बाहेर ओढली की फिरते, असं असेल तर कापताना किल्ली पकडीत पुढे-मागे बसली होती. खाचांची खोली बरोबर, जागा चुकलेली. अशी किल्ली कानशीने दुरुस्त होत नाही, नवीनच करावी लागते.

कानशीवरून आठवलं. "जरा घासून देतो, बसेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा. खाच उथळ राहिली असेल तर घासून उपयोग आहे. झिजलेल्या किल्लीची नक्कल आधीच खोल असते, घासलं की आणखी बिघडते. धातू काढता येतो, परत चढवता येत नाही.

सात लिव्हरच्या टाळ्याची गोष्ट वेगळी. त्यात पिना नसतात, पत्र्याच्या लिव्हर असतात, आणि त्याची किल्ली लॅचच्या मशीनवर होईलच असं नाही. अशा वेळी किल्लीबरोबर टाळाच उचलून न्यावा. बऱ्याच नव्या चारचाकींच्या किल्लीत चिप असते, तिथे नुसत्या खाचा कापून दार उघडेल, इंजिन चालू होणार नाही.

आमच्याकडचा आणखी एक घोळ. इकडच्या कानडीत 'कीली' म्हणजे कुलूप, किल्लीला म्हणतात 'कीलीकै'. बाजारात कानडी बोलणाऱ्याला 'किल्ली' म्हणून सांगितलं की तो कुलूप काढून दाखवतो. हातात धरून दाखवा, वाद मिटतो.

तेलाचंही तसंच. कुलूप अडलं की खोबरेल सोडायची आपली सवय. बेळगावच्या थंडीत ते आतच थिजतं, आणि एरवीही त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड घाला. नसेल तर पेन्सिलीचं टोक किल्लीच्या खाचांवर घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर हे मृग लागायच्या आधीच उरकावं.

किल्लीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, नीट काढलेल्या फोटोवरूनही खाचा मोजता येतात. आणि नवी किल्ली पहिल्यांदा फिरवून बघायची ती दार उघडं ठेवून. आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं.

आमची मूळ किल्ली शेवटी खानापूरला मावशीकडे सापडली, चुलत्यांनी कधीतरी 'असू दे एक' म्हणून दिलेली. तिच्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. तिच्यावरून केलेली नवी किल्ली दोन बोटांनी फिरली. मूळ किल्ली आता वहिनींच्या कपाटात आहे, आणि ती मागायला गेलं तर आधी कशाला हवी ते सांगावं लागतं.