घरी बांधलेल्या विमानात ऑटोपायलटचा रोल सर्वो बसवताना

पंखाचा खालचा पत्रा रिव्हेट व्हायच्या आधीच रोल सर्वो, म्हणजे ऑटोपायलटसाठी विमान डावी-उजवीकडे कलवणारा सर्वो, बसवून घ्या. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शेडमध्ये मी हे उशिरा केलं. तपासणीच्या झाकणातून हात घालून एकेक नट फिरवताना आठवडा गेला.

सर्वो म्हणजे छोटी मोटर. तिचा आर्म पुशरॉडने (ढकलणाऱ्या दांड्याने) एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीच्या, बेलक्रँकला (ती हलवणाऱ्या तरफेला) जोडायचा असतो. ब्रॅकेट आधी क्लेकोने (तात्पुरत्या पिनांनी) टांगून पाहा. स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) मनाने भोक पाडू नका, नकाशात दाखवलं असेल तरच पाडा. मोटरमध्ये चुंबक असतं, म्हणून मॅग्नेटोमीटर (दिशा सांगणारा चुंबकीय सेन्सर) ज्या पंखात आहे तो शक्यतो टाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एलेरॉन मध्यावर असताना आर्म आणि पुशरॉड यांच्यात काटकोन हवा. मग स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्या आणि पंखाशी बसलेल्या माणसाला आर्म पाहायला सांगा. आर्म आणि रॉड एका रेषेत आले, तर आर्म पलीकडे उलटतो आणि स्टिक तिथेच अडकते. हवेत असं झालं तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ६० अंशांच्या आतच आर्म राहायला हवा. जास्त फिरत असेल तर रॉड बेलक्रँकच्या आतल्या भोकात किंवा आर्मच्या बाहेरच्या भोकात घ्या. आर्म उलटू न देणारा स्टॉपही लावा. मात्र एलेरॉनचे स्वतःचे स्टॉप त्याच्या आधी टेकले पाहिजेत.

रॉड-एंडच्या (रॉडच्या टोकाच्या बेअरिंगच्या) मोकळ्या बाजूला मोठा वॉशर घाला. बेअरिंगमधला गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटत नाही. ठरलेल्या टॉर्कने आवळून प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला, हे लगेच कळतं.

वायर घरगुती पीव्हीसीची नको, १५० अंश सोसणाऱ्या टेफझेल आवरणाची घ्या. नवतपात उन्हात उभ्या विमानाच्या बंद पंखात काय तापतं ते नागपूरकरांना सांगायला नको. सर्वो पुशरॉडऐवजी स्टीलच्या केबलने जोडलेला असेल तर केबलचा ताण त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे लावा. पंखाचं ॲल्युमिनियम केबलच्या स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे बरोबर असलेली केबल मे महिन्यात घट्ट होते. सर्वोला स्वतंत्र सर्किट ब्रेकर आणि स्टिकवर डिसकनेक्ट बटण हवंच.

शेवटी जमिनीवर चाचणी घ्या. उजवं वळण मागितलं की स्टिक उजवीकडे गेली पाहिजे. उलटी गेली तर मॅन्युअलप्रमाणे दिशा बदला. ऑटोपायलट चालू असताना हाताने जोर लावून स्टिक फिरवा, ती ऐकली पाहिजे. ऐकत नसेल तर सर्वोचा टॉर्क कमी करा. बटण दाबा, मग ब्रेकर ओढा. दोन्ही वेळा स्टिक मोकळी सुटायला हवी. हे सगळं, ज्याने हे काम केलेलं नाही अशा दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा तपासून घ्या आणि मगच पत्रा बंद करा.